मुलांना आडोसा द्या, मग ती स्वतःबद्दल लिहितात (किशोरवयीन मुलांच्या लेखनगटाविषयी)

केळफूल

मागच्या महिन्यात इथे एका ताईंनी विचारलं होतं, की नववीतली मुलगी वहीत काहीतरी लिहिते आणि मी खोलीत गेले की वही मिटते, काय करू? प्रतिसाद भरपूर आले आणि निम्म्यांचं म्हणणं ‘गुपचूप वाचून बघा’. तिथे लिहायला बसले तर प्रतिसाद लांबत गेला, म्हणून वेगळा धागा.

थोडी ओळख. जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. पूर्वी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. इथल्या ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात शनिवारी दुपारी आठवी ते अकरावीची मुलं-मुली लिहायला जमतात, तो गट मी बघते. फी नाही, बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र मिळणार नाही म्हटल्यावर काही पालकांनी मुलं काढून घेतली. बरंच झालं.

आपली मुलं नदीचं आत्मवृत्त लिहितात, फाटक्या पुस्तकाचं लिहितात, दुष्काळग्रस्त शेतकऱ्याचं तर झोपेतही लिहितील. त्याच मुलांना म्हणा, स्वतःबद्दल लिही. ‘माझे नाव अमुक. माझे वडील शेती करतात. मला एक लहान भाऊ आहे. मला क्रिकेट आवडते. मला मोठेपणी कलेक्टर व्हायचे आहे.’ पाच ओळींत पोरगं संपलं. त्यांचा काही दोष नाही. चौदा-पंधराव्या वर्षी ‘तू कोण’ असं तोंडावर विचारणारं माणूस लग्नातल्या लांबच्या मावशीसारखं असतं. तिला द्यायची उत्तरं ठरलेली असतात. म्हणून आमच्याकडे तो प्रश्न कुणी विचारत नाही. आम्ही आडून जातो.

पहिला आडोसा टोपणनावाचा. मराठी कवी हा खेळ कधीपासून खेळतायत. कुसुमचा थोरला भाऊ म्हणून शिरवाडकर कुसुमाग्रज झाले. नारायण मुरलीधर गुप्त्यांना ‘बी’ हे एक अक्षर पुरलं. माणिक गोडघाटे ग्रेस झाले, चिं. त्र्यं. खानोलकर आरती प्रभू. आणि आमच्या धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ हे नाव दुसऱ्यांनी दिलं. तेव्हा त्यांचं वय आमच्या गटातल्या मोठ्या मुलांएवढंच होतं. हे सगळं सांगून झालं की विचारते, तुम्ही कुठल्या नावाने लिहाल? एकाने आजोबांच्या बैलाचं नाव घेतलं. एका मुलीने नुसतं ‘ळ’, का तर ळ ने कुठलाच शब्द सुरू होत नाही. पुरुषाने ‘आरती’ घेतलं यावर मुलं आधी खिदळतात, मग एखादा मुलगा मुलीचं नाव घेतो, एखादी मुलगी मुलाचं. मी काही बोलत नाही. दिवाळीनंतर निम्मी नावं बदललेली असतात, त्यावरही बोलत नाही.

दुसरा आडोसा ‘तो’ आणि ‘ती’चा. ‘मी’ लिहायचंच नाही. ‘ती सकाळी उठली तेव्हा घरात भांडण चालू होतं.’ हे खरं की खोटं, तुझं की शेजारणीचं, हे विचारायचं नाही. मीही नाही आणि मुलांनी एकमेकांनाही नाही. गटाचा एवढा एकच नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला सगळ्यांच्या चटया गोळा कराव्या लागतात.

तिसरा वस्तूंचा. घरात मोडलेली किंवा बिनकामाची, पण कुणी टाकून देत नाही अशी एक वस्तू शोधून आणायची, निदान डोक्यात. वडिलांचा एसटीतला बिल्ला, बंद पडलेलं मनगटी घड्याळ. एका मुलाने आईचं बारावीचं हॉल तिकीट आणलं. परीक्षेआधी तिचं लग्न झालं होतं. त्या तिकिटावर त्याने पानभर लिहिलं. त्यात ‘मला वाईट वाटले’ असं एकही वाक्य नव्हतं. आसन क्रमांक होता, फोटोतली दोन वेण्यांची मुलगी होती, आणि आपण त्या मुलीला कधी भेटलोच नाही ही गोष्ट होती. ‘माझी आई’ या विषयावर त्याच मुलाने शाळेत काय लिहिलं असतं ते आपण सगळे सांगू शकतो.

आता प्रश्न. एक, मुलं घरी अहिराणी बोलतात आणि वही उघडली की पाठ्यपुस्तक बोलायला लागतात. ‘मनी माय सकायले वावरमा जास’ म्हणणारी मुलगी लिहिते ‘माझी आई प्रातःकाळी शेतावर जाते’. प्रातःकाळी! मी तिला अहिराणीत लिहू देते. शाळेतल्या शिक्षकांना ते खटकतं. तुमचं काय मत? दोन, पालक वही मागतात. काय सांगावं?

पुणेरी_पाटी

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे. ‘ळ’ला माझा नमस्कार सांगा.

जुनं_खोड

लेख चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. मी माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. नववीतल्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ येत नाही, अर्ज लिहिता येत नाही, आणि आपण त्याला ‘स्वतःचा शोध’ घ्यायला बसवतो. आधी भाषा हातात येऊ द्या. दुसरं म्हणजे अहिराणीचं कौतुक करणाऱ्या बहुतेकांची स्वतःची मुलं इंग्रजी माध्यमात असतात. खेड्यातल्या मुलीला उद्या स्पर्धा परीक्षेचा पेपर प्रमाण मराठीतच लिहायचा आहे. तिथे ‘वावरमा’ला गुण मिळत नाहीत. तिला बोलीत रमवून तुम्ही तिचं नुकसान तर करत नाही ना, हे बघा.

रानभाजी

सर, प्रमाण मराठी यायलाच हवी, यावर कुणाचं दुमत नाही. पण भाषा हातात यायची तर ती आधी तोंडात हवी. मी नंदुरबारकडे आश्रमशाळेत शिकवते. माझ्या मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिलोरी. पहिल्या वर्षी मराठीत ‘लिहा’ म्हटलं की मुलं फळ्यावरचं उतरवून काढत. आता आधी त्यांच्या भाषेत सांगायला लावते, मीच त्यांच्या शब्दांत उतरवून घेते, मग आम्ही दोघं मिळून मराठी करतो. मराठी करताना मुलं माझ्याशी भांडतात, ‘बाई, तसं नाही, तो शब्द बरोबर नाही बसत.’ शब्दावरून भांडणारं मूल मला शुद्धलेखन शिकणाऱ्या मुलापेक्षा पुढे गेलेलं वाटतं. शुद्धलेखन मग पटकन येतं, कारण आता त्याला आपलं म्हणणं नीट पोचवायचं असतं.

केळफूल

जुनं_खोड सर, नुकसानीचा मुद्दा मीही मनावर घेते. म्हणून आमच्याकडे दोन वह्या. एक घरची, तिच्यात वाटेल त्या भाषेत. दुसरीत महिन्यातून एकदा पहिल्या वहीतला एखादाच मजकूर प्रमाण मराठीत न्यायचा. उपसंपादक असल्याने तिथे मी लाल पेन घेऊन बसते आणि कुणाला सोडत नाही. गंमत अशी की ‘वावरमा’चं ‘शेतात’ केल्यावर मुलीच म्हणतात, की बाई, शेतात म्हटलं तर आमचं वावर दिसत नाही. मग ‘वावर’ ठेवून बाकीचं वाक्य प्रमाण करायचं. कुठे वळायचं आणि कुठे अडून बसायचं हे त्या स्वतः ठरवतात.

आणि बोलीत लिहिलं म्हणून कमी होतं असं आमच्या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून १९५२ मध्ये ती छापली गेली. रानभाजी, तुम्ही जे उतरवून घेता त्याच्याशी याचं थेट नातं आहे.

लोकल_डबा

मुंबईत पूर्व उपनगरांतल्या एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मुलगे कविता म्हटली की पळतात. रॅप म्हटलं की बसतात. फोनच्या नोट्समध्ये पानंच्या पानं असतात. सुरुवातीची सगळी उसनी. गाडी, पैसा, दुश्मन. पोराच्या खिशात लोकलच्या पासचे पैसे नसतात आणि गाण्यात गाडी. मी हसत नाही. एवढंच विचारतो, ‘तुझ्या गल्लीतून स्टेशनला जाताना काय काय लागतं ते यमकात बसव.’ मग पाण्याची लाइन येते, शौचालयाची रांग येते, मटक्याचा अड्डा येतो, आणि मधेच ‘पप्पा नाइट शिफ्टवरून येतात तेव्हा मी झोपेचं नाटक करतो’ अशी ओळ येते. ती ओळ त्याने चार मित्रांसमोर बीटवर म्हटली. साध्या वाचनात कधीच म्हटली नसती. आडोसा म्हणता तो हाच. बीटचा आडोसा.

अवांतर: या पोरांचे आजोबा-पणजोबा आंबेडकरी जलशांत गायलेले, लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी पाठ असलेले. पोरांना ते माहीत नसतं. त्यांना वाटतं रॅप अमेरिकेतून आलं. एकदा एका आजोबांना बोलावलं, त्यांनी डफावर सुरुवात केली आणि पोरांनी त्यावरच आपलं म्हटलं.

निळी_शाई

चांगली चर्चा चालू आहे म्हणून एक गोष्ट बोलून टाकतो. लेखन शिबिरांमध्ये मी मुलगा म्हणूनही बसलोय आणि आता शिकवणारा म्हणूनही बसतो. दर वेळी दिसणारी गोष्ट अशी: कोथरूडच्या मुलाला सांगतात ‘कल्पना कर, तू ढग आहेस’. वस्तीतल्या मुलाला सांगतात ‘तुझे अनुभव लिही’. म्हणजे त्याला ढग आणि मला दुःख. मला नववीत जादूगाराची गोष्ट लिहायची होती. शिबिरातल्या बाई खूप मायेने म्हणाल्या, ‘तू तुझ्या वस्तीबद्दल लिही ना, ते अस्सल होईल.’ मी लिहिलं. टाळ्या पडल्या. सगळ्यांचे डोळे ओले. माझा जादूगार राहिला.

स्वतःला शोधणं म्हणजे आपल्या जातीचं, गरिबीचं निवेदन वाचून दाखवणं नव्हे. ते कुणाला लिहायचं असेल तर त्याने खुशाल लिहावं, जोरात लिहावं. पण बाकीच्या मुलांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून एका मुलाला उभं करू नका.

आणि लिहायचंच असेल तर कसं लिहिता येतं ते मुक्ता साळवेकडे बघा. फुले दांपत्याच्या शाळेतली मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी असं त्याचं शीर्षक, पण ती नुसतं दुःख सांगत बसत नाही. ती वाद घालते. वेद आमचे नाहीत म्हणता, तर मग आमचा धर्म कोणता, असं थेट देवालाच विचारते. शाळकरी मुलगी तर्काने समोरच्याला कोंडीत पकडते. आपल्या शिबिरांमध्ये मुलांना भावना विचारतात, मत कुणी विचारत नाही.

केळफूल

निळी_शाई, ‘त्याला ढग आणि मला दुःख’ हे वाक्य मी उतरवून घेतलंय. गट चालवणाऱ्या प्रत्येकाने ते भिंतीवर लावावं. आमच्याकडे विषय सगळ्यांना सारखाच असतो, आणि ज्याला ढग व्हायचंय तो होतो. पण मत विचारण्याचं मात्र खरंच कमी पडतं. पुढच्या शनिवारी वाद घालणारा मजकूर घेते: गावात कुणाशी तरी हुज्जत घालायची आहे, कागदावर घाला.

जादूगार लिहिला का पुढे?

निळी_शाई

लिहितोय. मोठ्यांसाठी झालाय तो आता.

समजूतदार

मानसशास्त्राशी संबंधित काम करते, म्हणून थोडं सावधगिरीचं. लिहिल्याने मन मोकळं होतं हे सगळेच म्हणतात, त्यामागे संशोधनही आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ च्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना लागोपाठ चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक गोष्टीबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ती मुलं पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेली. पण याचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. लिहून झाल्या-झाल्या मुलांना जास्त वाईट वाटत होतं. आणि ते लिखाण कुणापुढे वाचायचं नव्हतं.

आपण गटात लिहायला लावतो आणि लगेच ‘कोण वाचणार?’ विचारतो. मूल उघडं पडतं, आणि साडेपाच वाजता वाचनालय बंद करून आपण घरी. त्यामुळे शेवटची दहा मिनिटं काहीतरी हलकंफुलकं ठेवा. यमकांचा खेळ, भेंड्या, काहीही. जड मनाने मुलाला सायकलवर बसवू नका.

दुसरी गोष्ट कायद्याची. मुलाने गोष्टीत, कवितेत, ‘ती’ लिहून का होईना, लैंगिक अत्याचाराबद्दल असं काही लिहिलं की तुम्हाला खरंच शंका यावी, तर तिथे ‘खरं की खोटं विचारायचं नाही’ हा नियम पुरत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गट सुरू करतानाच मुलांना साध्या शब्दांत सांगून ठेवा: तुमची वही मी कुणाला दाखवणार नाही, पण कुणाच्या जिवाला किंवा अंगाला धोका आहे असं वाटलं तर मला बोलावं लागेल, आणि बोलण्याआधी तुला सांगेन. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन, दोन्ही क्रमांक भिंतीवर लावा. बाकी, तुम्ही समुपदेशक नाही. कवितेत अंधार आला म्हणजे मूल नैराश्यात आहे असंही नाही. पंधराव्या वर्षी सगळ्यांच्याच कवितेत अंधार असतो.

पुणेरी_पाटी

शेवटच्या वाक्याला +१. माझ्या सगळ्या कवितांत स्मशान होतं. घरी सगळे सुखरूप.

केळफूल

समजूतदार, हे फार कामाचं. पहिल्याच शनिवारी मुलांना मी साधारण असंच सांगते, आणि पालकांच्या संमतीपत्रातही ते लिहिलेलं असतं. शेवटच्या दहा मिनिटांचं मात्र नव्याने करते. सध्या आमची शेवटची दहा मिनिटं चटया झटकण्यात जातात.

हडसनकाठ

न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालते, तिथे मोठ्या मुलांना शिकवते. इथल्या मुलांची अडचण उलटी. बोली आणि प्रमाण दोन्ही लांब. त्यांच्या लेखी मराठी म्हणजे आजीशी फोनवर बोलायची भाषा. दहा-बारा वाक्यं, तीही ‘जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय’. ‘मी मराठी आहे का?’ हा प्रश्न ती मराठीत विचारूच शकत नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये केनेथ कोक नावाच्या कवीने १९६८ मध्ये पी. एस. ६१ या सरकारी प्राथमिक शाळेत कविता शिकवायला सुरुवात केली. त्याची रीत सोपी होती: प्रत्येक ओळ ‘मला वाटतं की असं व्हावं’ने सुरू करायची. एवढाच साचा, बाकी मोकळं. मी तो उचलला. मुलं ‘मला पाहिजे’ने सुरू करतात, कारण ते वाक्य आजीशी बोलून पक्कं झालेलं असतं. ‘मला पाहिजे की आजीने माझं नाव नीट म्हणू नये, ती म्हणते तेच बरोबर आहे.’ पुढे अडलं की इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचा. व्याकरण मोडकंतोडकं असतं. पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाठ केलेल्या भाषणांपेक्षा आई-बाप हे जास्त कान देऊन ऐकतात.

दर्यावर्दी

गोव्यातून. आमच्याकडे मूल घरी कोंकणी बोलतं, आजोबा मराठी पेपर वाचतात, देवळात भजन मराठी, शाळा इंग्रजी. राजभाषा कायदा १९८७ चा, त्यावरून मोठ्यांची भांडणं अजून संपलेली नाहीत. मुलांना त्याचं काही नसतं. एका मुलीने गोष्ट लिहिली, त्यात आजी कोंकणीत बोलते, भटजी मराठीत आणि बाई इंग्रजीत. मी विचारलं, आणि तू? ती म्हणाली, मी बोलतच नाही गोष्टीत, मी नुसती ऐकते. मला तरी ते उत्तर पूर्ण वाटलं.

वाटसरू_२२

इथे बहुधा वयाने सगळ्यात लहान मीच असेन. शाळेत असताना अशाच एका गटात जायचो. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

मराठीत ‘मी’ लिहिलं की लगेच कळतं मुलगा की मुलगी. गेलो, गेले, आमच्याकडे गेली. मला त्या वयात स्वतःबद्दल काहीच पक्कं नव्हतं आणि वाक्याच्या शेवटी दर वेळी पक्कं करावं लागायचं. मग मला भविष्यकाळ सापडला. मी जाईन, मी राहीन, मी सांगेन. तिथे कुणी विचारत नाही. मी वर्षभर सगळं भविष्यकाळात लिहिलं. ताईंना वाटलं ही माझी शैली आहे, त्यांनी कौतुक केलं आणि कारण विचारलं नाही. त्या न विचारण्याचे मी आजही आभार मानतो. (मानतो. आता पक्कं आहे.)

गट चालवणाऱ्यांनी एवढं करावं. एखादं मूल असं काही विचित्र करत असेल, काळ बदलून, नाव बदलून, तर ते दुरुस्त करू नका आणि त्याचा अर्थही लावू नका. कधी अर्थ असतो, कधी नुसती हुक्की असते. आम्हालाच नंतर कळतं.

रानभाजी

वाटसरू, हे वाचून खूप वेळ दुसरं काही वाचलं नाही. भविष्यकाळाचा व्यायाम सगळ्यांनाच देणार आहे, कारण न सांगता. ज्याला लागेल तो वापरेल.

जुनं_खोड

वाटसरू, व्याकरण आयुष्यभर शिकवलं. प्रथमपुरुषी भविष्यकाळात लिंगभेद नसतो हे फळ्यावर कितीतरी वेळा लिहिलं असेल. त्याचा असा उपयोग कुणी करेल हे डोक्यात आलं नव्हतं.

केळफूल, दोन वह्यांवर माझं समाधान आहे. दुसऱ्या वहीत लाल पेन चालतं हे वाचून जास्तच. पण पालकांच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही. मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून सांगतो, ‘वही दाखवणार नाही’ असं पालकाला तोंडावर सांगितलंत तर आठ दिवसांत गट बंद पडेल. गाव लहान असतं.

केळफूल

खरं आहे. एका मुलीचे वडील वाचनालयात येऊन बसले होते, वही द्या म्हणून. मी वही दिली नाही, त्यांना एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुम्ही नववीत होतात तेव्हाची एखादी गोष्ट लिहा, घरी कुणाला न सांगितलेली. बराच वेळ बसले. तीन-चार ओळी लिहिल्या, कागदाची घडी केली आणि खिशात घालून गेले. वहीचं पुन्हा काढलं नाही. प्रत्येक बापावर हा उपाय चालेल असं मी म्हणत नाही. एका आईने तर कागदाचं विमान करून मला परत दिलं आणि मुलीला घेऊन गेली.

एरवी मधला मार्ग असा. वर्षातून एकदा हस्तलिखित काढतो. त्यात काय द्यायचं ते मुलंच निवडतात, टोपणनावानेच देतात. पालकांना ते हस्तलिखित बघायला बोलावतो, चहा-पोहे असतात. आपलं मूल कुठल्या नावामागे आहे ते पालक ओळखायचा प्रयत्न करतात आणि हमखास चुकतात. दुसऱ्याच्याच मुलाच्या कवितेचं कौतुक करून जातात.

‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन लिहिणाऱ्या बेबीताई कांबळ्यांनी आपलं लिखाण कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं, हे मी पालकांना सांगते. मग म्हणते, तुमच्या मुलीला निदान वाचनालयाचं कपाट तरी आहे. वह्या आम्ही कुलपात ठेवतो. किल्ली ग्रंथपाल काकांकडे आणि काकांना वाचायचा कंटाळा आहे, ही आमची सगळ्यात मोठी सोय.

हडसनकाठ

:D ग्रंथपालाला वाचायचा कंटाळा!

मधली_सुट्टी

पहिल्यांदाच लिहितेय. साताऱ्याकडे जि. प. शाळेत आहे, सातवी-आठवी. मुली लिहायला बसतात पण ‘काय लिहू’वर अडतात. टोपणनावाचा खेळ करून पाहिला, मुली लाजल्या. दुसरं काही सुचवाल का? वेळ आठवड्यातून एक तासिका, तीही कार्यानुभवाची.

केळफूल

मधली_सुट्टी, तुमच्याकडे ओवी आहे की! जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या प्रकल्पात गोळा झाल्या आहेत, आता ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ऐकायला मिळतात. त्या बायकांनी सासू, भाऊ, नवरा, पाऊस सगळ्यांबद्दल जे तोंडावर बोलता येत नव्हतं ते जात्याला सांगितलं. पहिली ओळ जुनी घ्या, पुढची मुलींनी आपली जोडायची. जातं नसेल तर मिक्सरला सांगा, सायकलला सांगा. लाजणाऱ्या मुलींना एकत्र म्हणायला बरं पडतं, कुणाची ओळ कुठली ते कळत नाही. एका तासिकेत होतं. आधी त्यांना आपल्या आजीकडून एक तरी ओवी ऐकून यायला सांगा. आजीला येत नसेल तर शेजारच्या आजीकडून.

निळी_शाई

आणि ज्या मुलीला ओवी नको, जादूगार हवा, तिला जादूगार द्या.

मधली_सुट्टी

दोन्ही नोंदवलं. मिक्सरवर ओवी म्हटल्यावर मुली नक्की हसतील, सुरुवात तिथूनच करते. काय झालं ते इथे येऊन लिहीन. वह्या ठेवायला कपाट मात्र मुख्याध्यापकांकडे मागावं लागेल. जुनं_खोड सर, अर्ज कसा लिहू?

जुनं_खोड

‘विषय: विद्यार्थ्यांच्या लेखनसाहित्यासाठी कपाट मिळणेबाबत.’ बाकीचा मजकूर व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. कुलूपही मागून घ्या, नाहीतर नुसतंच कपाट देतील.